दुसऱ्या सोमवारचे दूध

गेल्या महिन्यात ओंकार माझ्याकडे आला. डोलवीच्या कंपनीत तो कंत्राटी कामाला आहे आणि शिफ्ट संपली की घरच्या गीर गायी पाहतो. नमस्कार करून समोर बसला आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "आजोबा, एकच वाक्य बोला. वशिंड असंल तीच गाय, बाकी नुसती जनावरं. तुम्ही संस्कृतातले, तुमचा शब्द लोक मानतात. आपल्या गायीचं नाव दुबईपासून अमेरिकेपर्यंत नेतो बघा." मुलगा सद्भावनेने आला होता. गायी तो मनापासून सांभाळतो. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." त्याला नवल वाटले. एका वाक्याला विचार कसला? पण ज्या घराचा तो मुलगा, त्या घराचा देवळातला मान एका वशिंड नसलेल्या गायीने राखला होता, आणि तो मान जवळजवळ घालवला होता तो मी. हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या आजीने, चांगुणाने, घरात कधी सांगितले नसावे. म्हणून ते आता लिहून ठेवतो.

आमचे गाव पेण आणि रोहा यांच्या मधले, भाताचे आणि वालाचे. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू आणि गाव शास्त्रीबुवा म्हणे, घरीच पाच-सहा विद्यार्थ्यांना न्यायशास्त्र शिकवीत. आमच्या घरातली पहाट आवाजांनी ओळखू येई. प्रथम रहाटाचा करकर आवाज, मग आईच्या रवीची घरघर, मग माजघरातून एकसुरात चाललेले पाठांतर, आणि या सगळ्यांच्या खाली, जणू तंबोऱ्याची खालची तार, गोठ्यातल्या कपिलेचे रवंथ. सकाळी तांबड्या तांदळाची पेज, तिच्यावर तुपाचा थेंब आणि शेजारी भाजलेला पोह्याचा पापड. दुपारी सोललेल्या वालांचे बिरडे. ते बिरडे सोलताना आई आम्हा सर्वांना कामाला बसवी आणि अण्णा ओटीवरून प्रश्न विचारीत, म्हणजे बोटे आणि बुद्धी एकाच वेळी चालत. आजही भिजलेल्या वालाचा उग्र वास आला की मला एखादे लक्षण आठवते.

लक्षण म्हणजे व्याख्या. न्यायशास्त्रात ती कशी करावी हे शिकवताना परंपरेने गायीचे उदाहरण घेतात. चार पाय असणे हे गायीचे लक्षण नव्हे, कारण घोड्यालाही चार पाय असतात. शिंगे म्हणावीत तर म्हशीलाही आहेत. पांढरा रंग म्हणावा तर तांबडी गाय बाहेर पडते. मग उरते ती सास्ना, गळ्याखाली लोंबणारी कातडीची झालर, जिला आमच्याकडे पोळी म्हणतात. ती जिला असते ती गाय. हा पाठ मी नवव्या वर्षी म्हटला आणि सतरा वर्षांचा होईपर्यंत किती वेळा म्हटला असेल याची गणना नाही. त्या सर्व काळात कपिला माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती. तिच्या गळ्याला मी पाठ म्हणताना कधी हात लावला नव्हता.

चांगुणा पेणच्या खाडीकडची, मिठागरातल्या घरची मुलगी. लग्न होऊन आमच्या गावात आली आणि धाकटा मुलगा रांगत असतानाच विधवा झाली. तिच्या सासऱ्यापासून एक मान त्या घराकडे होता. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी शंकराच्या अभिषेकाला दूध त्यांचे. गावात असे चार मान होते, चार सोमवारांचे. लागोपाठ तीन श्रावण घरात दुभती गाय नसेल तर मान दुसऱ्याकडे जाई, आणि एकदा गेलेला मान परत आल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. चांगुणाची जुनी गाय साप चावून गेली तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी तिला विचारले, जर्सी कालवड घेतेस का? सरकारी योजनेत तालुक्यात चार-पाच कालवडी आल्या होत्या आणि ही एक कोणी घेत नव्हते, कारण पाठ सपाट. पुरुषमाणसे हसली. चांगुणा म्हणाली, "द्या. माझ्या दावणीला नुसता खुंटा हाय, त्याच्यापरीस ती बरी." गाव त्या कालवडीला मड्डम म्हणू लागले. चांगुणा तिला सोनी म्हणे. उन्हाळ्यात ती तिच्या पाठीवर ओले गोणपाट घाली आणि दिवसातून चार वेळा ते बदली. स्वतःच्या डोक्यावर पदर ओला करताना मी तिला कधी पाहिले नाही.

आषाढ सरता सरता सोनी व्याली. चांगुणा चिकाचे भांडे घेऊन आमच्या मागच्या दारी आली. आईने गूळ आणि जायफळ घालून खरवस वाफवला. वेतानंतरचे दहा दिवस कोणत्याही गायीचे दूध अण्णांना वर्ज्य असे, त्यामुळे त्यांनी घेतला नाही. आम्ही मुलांनी खाल्ला. इतका पिवळा आणि दाट खरवस मी त्यापूर्वी खाल्ला नव्हता. चांगुणा पायरीवर बसून आमच्याकडे पाहत होती. म्हणाली, "काकू, यंदा दुसऱ्या सोमवाराला वेताला बारा दिस व्हतील. दूध शुद्ध झालेलं असंल. देवाला चालंल ना गो?" आई म्हणाली, "न चालायला काय झालं?" त्या दोघींपुरता प्रश्न तिथे संपला होता.

पुढच्या आठवड्यात एक परदेशी पाहुणा आला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मधल्या एका लहान बेटावर ही जर्सी गाय मूळची. तिथला हा वृद्ध शेतकरी. देशोदेशी फिरून आपल्या गायीची माहिती सांगणे हे त्याने उतारवयात व्रतासारखे घेतले होते. रोह्याला त्याचे व्याख्यान झाले होते आणि आपली एक कालवड आडगावात एका बाईकडे व्याली हे कळताच त्याने आमच्या गावी यायचा हट्ट धरला. डॉक्टर आदल्या दिवशी आमच्या घरी आले आणि त्यांनी मला दुभाषा होण्यास सांगितले. मी पेणला मामांकडे राहून इंग्रजी शिकलो होतो. अण्णांनी परवानगी दिली. म्हणाले, "मीही येईन. ऐकण्यात दोष नाही."

शाळेच्या खोलीच्या खिडक्यांवर गोणपाट लावून भर दुपारी काळोख केला. जीपमधले जनित्र बाहेर धडधडू लागले आणि भिंतीवर, जिथे एरवी पाढे लिहिलेले असत, हिरव्यागार कुरणात उभी असलेली एक हरणाच्या रंगाची गाय उमटली. मोठे काळेभोर डोळे, काजळ घातल्यासारखे. खोलीभर "आगागा" झाले. दगडू म्हात्रे, गावातला सगळ्यात फटकळ म्हातारा, म्हणाला, "ही गाय नाय, हरणी हाय. धार काढायला पारधी लागंल."

पाहुणा साधे बोलत होता. ही गाय लहान, खाते कमी, हिच्या दुधात लोणी अधिक, स्वभावाने गरीब. आता सांगायला संकोच वाटतो, पण चारचौघांत बोलायची एकच रीत मी पाहिली होती आणि ती म्हणजे कीर्तनाची. त्यामुळे तो एक वाक्य बोले आणि मी पाच. "समुद्राने वेढलेले ते बेट, श्रोतेहो, आणि त्या बेटावर ही मृगाक्षी" असे मी सुरू केले आणि मला थांबता येईना. बायका हात जोडू लागल्या. चित्र बदलले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजीने उठून भिंतीवरच्या गायीला कुंकू लावले. पाहुण्याने मला हळूच विचारले, "मी आता नेमके काय म्हणालो?" मी म्हणालो, "लोण्याविषयी."

तेवढ्यात सदू गुरव उठला. शंकराची पूजा त्याच्याकडे. माणूस दुष्ट नव्हता. देवाच्या बाबतीत भित्रा होता. "शास्त्रीबुवा," तो मागे बसलेल्या अण्णांकडे वळून म्हणाला, "दूध लय देत असंल, माझा तंटा नाय. पन देवाच्या म्होरं नंदी बसलाय. ह्या मड्डमचा गोऱ्हा त्याच्या बाजूला उभा केला तर नंदी त्याला वळखंल काय? सोमवार तोंडावर आलाय. मी घडा घेऊ का नको, येवढं सांगा. गाय कंची म्हनायची?"

प्रश्न अण्णांना होता. उत्तर मी दिले. आठ वर्षे ज्याची घोकंपट्टी केली तो प्रश्न भर सभेत समोर आला होता आणि मी उभाच होतो. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "जिच्या गळ्याखाली पोळी असते ती गाय. हे शास्त्राचे लक्षण."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. भिंतीवरच्या गायीची मान सडपातळ आणि गुळगुळीत होती. तिथे पोळी दिसत नव्हती.

मग चांगुणा उठली. मुलाला काखेत घेतले आणि दाराकडे जाता जाता माझ्यासमोर थांबली. "व्हय रे बाबू," ती म्हणाली, "मंग दोन वरसं माझ्या दाव्याला मी काय बांधलाय?" तिने उत्तराची वाट पाहिली नाही. पाहुणा मला विचारत राहिला, ती बाई काय म्हणाली? त्या दिवशी प्रथमच मला भाषांतर सुचले नाही.

घरी आईने मला ताट वाढले. तिने तव्यावरची भाकरी माझ्याकडे न पाहता ताटात टाकली. संध्याकाळी अण्णांनी मला ओटीवर बोलावले. रागावले असते तर बरे झाले असते.

"लक्षण कसे केले जाते?" त्यांनी विचारले.

"प्रथम वस्तूचे नाव घ्यावे, मग लक्षण सांगावे, मग परीक्षा करावी."

"तू कोणती परीक्षा केलीस?"

"चित्रात पाहिले."

"चित्राला गळा असतो का रे?"

ते पुढे म्हणाले, "लक्षण तू अचूक सांगितलेस. म्हणूनच त्या बाईला लागले. चुकीचे बोलला असतास तर दगडूने हसण्यावारी नेले असते." मी विचारले, तुम्ही काय निर्णय देणार? "मी गाय पाहिलेली नाही," एवढेच उत्तर मिळाले.

शनिवारी सकाळी पाहुणा वडखळमार्गे मुंबईला परतणार होता. जाण्यापूर्वी त्याने सोनीला पाहायचे ठरवले होते. अण्णाही स्नानसंध्या आटोपून निघाले, मला बरोबर घेऊन. चांगुणाने आम्हाला पाहिले आणि पदर खोचून गोठ्याच्या दारात उभी राहिली. "शास्त्रीबुवा, बघून सांगा. पन सोडायला सांगू नका, तेवढं म्या आयकनार नाय."

"सोडायला कोण सांगतो?" अण्णा म्हणाले.

गोठ्यात ओल्या पेंढ्याचा आणि दुधाचा वास होता. वासरू आईला ढुशा देत होते. अण्णा कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले, तिचे कान, खूर, शेपटीचा गोंडा, वासराला चाटण्याची तऱ्हा. मग त्यांनी मला सांगितले, "त्यांना विचार, तिकडे गायींना नावे ठेवतात का?" मी विचारले. या वेळी एका वाक्याला एकच वाक्य. पाहुण्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, प्रत्येकीला नाव असते, आणि तिची आई, आजी, पणजी कोण हे एका वहीत लिहिलेले असते, कित्येक पिढ्यांचे. बेटावर दुसऱ्या जातीची गाय आणायची नाही असा दंडकच आहे. अण्णांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे यांची वंशावळ आहे, आणि तीही आईकडून! आपल्या कपिलेची आजी कोण, सांगता येईल का तुला?" मला येत नव्हते. अण्णांनाही येत नव्हते. ते त्यांना मनापासून आवडले, आपल्याला न येणारी गोष्ट दुसऱ्याला येते हे. असा आनंद मी विद्वानांत क्वचितच पाहिला.

पाहुणा सोनीजवळ गेला आणि सवयीने, डोक्यावरून हात न फिरवता, थेट तिच्या गळ्याखाली खाजवू लागला. सोनीने डोळे मिटले, मान लांब केली, तोंड वर उचलले. आमची कपिला असेच करी. अण्णा दोन पावले पुढे आले. पाहुणा बाजूला सरला, जणू आसन द्यावे तसा. अण्णांनी उपरणे खांद्यावर टाकले आणि आपला हात तिच्या गळ्यावर ठेवला. बोटे सावकाश खाली आली, जबड्यापासून छातीपर्यंत. छातीच्या अलीकडे ती थांबली. अण्णांनी चिमूट धरली आणि माझ्याकडे पाहिले. "इकडे ये. डोळे मीट. आता हात लाव."

मी हात लावला. तिथे कातडीची एक घडी होती. लहान, मऊ, ऊबदार, बोटभर रुंदीची. मान सैल असती तर कदाचित दिसलीही नसती. ती माझ्या बोटांत आली आणि मी डोळे मिटून तसाच उभा राहिलो. आठ वर्षांच्या पाठांतरात ज्या शब्दाला मी शिवलो नव्हतो त्याला त्या क्षणी शिवलो असे मला आजही वाटते.

सोमवारी सकाळी अण्णा देवळात गेले. चांगुणा घडा घेऊन पायरीखाली उभी होती. वर यायचे की नाही ते तिला ठाऊक नव्हते. अण्णा म्हणाले, "सदू, माझ्या मुलाने लक्षण बरोबर सांगितले, परीक्षा केली नव्हती. मी केली. पोळी आहे. माझ्या शब्दावर घेऊ नकोस. जा, हात लावून ये."

सदू गेला. त्याच्यामागे दगडू गेला, कारण सदूवर त्याचा विश्वास नव्हता. दगडूमागे अर्धे गाव गेले. अभिषेक खोळंबला आणि चांगुणाच्या गोठ्याबाहेर रांग लागली. एकेक जण आत जाऊन सोनीचा गळा चाचपून बाहेर येई, आणि सोनी डोळे मिटून मान वर करून उभी. शेवटी चांगुणा ओरडली, "पुरे गो बायांनो आता! लाडानं आटायची ती!" सदू परत आला. घड्याकडे हात केला आणि पुन्हा थबकला. "पन वशिंड, शास्त्रीबुवा?"

"वशिंड लक्षणात नाही. तो आग्रह तुझा."

"आणि नंदी?"

"नंदीचे नंदी पाहून घेईल. तू घडा घे."

दूध पिंडीवर पडले तेव्हा मी चांगुणाकडे पाहण्याचे धाडस केले. ती देवाकडे पाहत नव्हती. घड्याकडे पाहत होती, तो पूर्ण रिकामा होईपर्यंत. मग वळली आणि माझ्या डोक्यावर एक टपली मारून गेली.

पुढे काशीहून शिकून आलेल्या दोन शास्त्र्यांपुढे मी हा प्रसंग मांडला. एकाने अण्णांचा निर्णय मान्य केला. दुसरे म्हणाले, इतक्या अल्प घडीला सास्ना म्हणता येणार नाही. त्यांचे म्हणणे मी अजून मनातून काढून टाकलेले नाही. अण्णांच्या अखेरच्या वर्षांत मी त्यांना एकदा विचारले, "पोळी सापडली नसती तर तुम्ही काय केले असते?" ते अंथरुणावर पडून होते. म्हणाले, "लक्षण दुरुस्त करायला बसलो असतो. गायीला कशी दुरुस्त करणार?"

हे सगळे मी ओंकारला सांगितले. त्याने मोबाइल मांडीवर पालथा ठेवून ऐकले. म्हणाला, "आमची आजी बोलली नाय कधी." मग विचारले, "मग आता मी काय टाकू, आजोबा?"

मी म्हणालो, "लाव तुझे यंत्र." आणि बोललो, "जिच्या गळ्याखाली पोळी असते ती गाय. आधी हात लावून पाहा." ओंकारने त्याच्या गीर गायीच्या भल्या मोठ्या पोळीवर आपला हात दाखवला, खाली इंग्रजीत अर्थ लिहिला आणि ते जगभर पाठवून दिले. "येवढ्यानं कोण गाय बघायला येनार?" असे पुटपुटला, पण पाठवले.

परवा तो धावत आला. कोणा अनोळखी माणसाने उत्तरादाखल छायाचित्र पाठवले होते. कोणत्या देशातून ते ओंकारला समजले नव्हते, आणि सोबत शब्द एकही नव्हता. हरणाच्या रंगाची एक गाय, मान लांब केलेली, डोळे मिटलेले, आणि तिच्या गळ्याखाली एका म्हाताऱ्या माणसाचा हात, ठिपके पडलेला, सुरकुतलेला. "पोळी हाय का हो हिला?" ओंकारने विचारले. मी चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिले. चित्राला गळा नसतो, त्यामुळे मला काही सांगता येईना. पण त्या हाताची बोटे छातीच्या अलीकडे थांबलेली होती.

"आहे," मी म्हणालो.